पट्टी अडते तिथं

दुपारी विनतावहिनी ऑटोतून सीपीयू घेऊन आल्या. नेपियर टाउनात माझं दुरुस्तीचं दुकान. बाहेर कोचिंगच्या पोरांच्या स्कूटर, आत तापलेल्या तारांचा वास. त्यांचे यजमान श्रीकांतभाऊ उन्हाळ्यात वारले. त्यांचा गणिताचा क्लास आता वहिनी चालवत. कॉम्प्युटर बिघडून साफ करावा लागला होता. साठवलेले प्रश्न शाबूत राहिले, पण ते उघडून पेपर काढणारा प्रोग्राम गेला. तो भाऊंनी स्वतः लिहिलेला, वहिनींनी सोबत आणलेल्या सीडीवर.

"उद्या टेस्ट आहे, चिंतामणी भैया. पेपर नाही निघाला तर पोरं समोरच्या क्लासात जातील. घर त्याच्यावरच चालून राहिलं."

सीडी घातली. प्रोग्राम किती चढला ते दाखवणारी पट्टी पडद्यावर सरकली. शेवटाला जराशी उरली, थांबली.

सीडी पुसली. पट्टी थांबली.

दुसरा ड्राइव्ह. तिथंच.

ओरखडा नाही, डाग नाही. कॉपी काढली. तिथंच.

भाऊंच्या मेलमध्ये एक प्रत होती. फोनच्या लाइनीवर डाउनलोड तुटत, अडखळत उतरलं. आकार कमी भरला, फाइल खराब. तरी चालवली.

तिथंच.

"काहून अडून राहिली हो?"

"खराब असेल."

"सगळ्याच?"

माझी पाठ दुखत होती.

"ग्वारीघाटावर असंच झालं," वहिनी म्हणाल्या. "दहाव्याला पिंडाला कावळा शिवूनच नाही राहिला. म्हटलं, आपल्या नंदाला शिकवीन. म्हटलं, क्लास बंद पडू देणार नाही. नाहीच. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला."

"वहिनी, ही मशीन आहे."

"अच्छा? मला वाटलं, तुमची सासू आहे."

आम्ही दोघंही नीट हसलो नाही. मग त्यांनी खरंच पडद्याला हात जोडले.

"आईंना सांभाळीन."

पट्टी हलली नाही.

"तुमचं घड्याळ कोणाला देणार नाही."

नाही.

त्या खुर्चीत मागे टेकल्या. डोळे मिटले. अंगातलं सगळं संपल्यासारखा आवाज.

"बरं. एकट्याला करमत नाही ना? मीच येते तुमच्याकडे. लवकर येते."

पट्टी भरली.

मी कॉपी दुसऱ्या मशीनमध्ये घातली. न थांबता चढली.

अपुरी उतरलेली फाइल चालवली.

तीही चढली.

मागे वहिनी दुकानाच्या फोनवर मुलीशी बोलत होत्या. आवाज हलका झाला होता.

"नंदा, पेपर कसा काढायचा ते लिहून घे, बेटा. पासवर्ड पण."

पलीकडून नंदा काहीतरी म्हणाली.

"नाही, मी घरी आल्यावर नाही. आत्ताच लिही."