वळणावरची फुली

बेदाण्याच्या शेडवर राखणीला बसलेल्या पोरांना नाथाजींनी ही हकिगत सांगितली, ती त्यांच्या भाच्याची, शिवतेजची. शिवतेज डिप्लोमा झालेला. बाळासो ठेकेदाराकडे सुपरवायझर. सुपरवायझर म्हणजे ठेकेदार खोटं बोलत असताना शेजारी उभं राहून मान हलवणारा शिकलेला माणूस.

रस्ता कुपवाडच्या मागून माळावरून वाडीला जाणारा. फाउंड्रीतली, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यातली, जळकी वाळू आणि भट्टीचा स्लॅग, म्हणजे वितळल्यावर उरणारी मळी, नीट चाळून, ठरल्या प्रमाणात घातला तर रस्ता चांगला होतो, हे कॉलेजातल्या लोकांनी करून दाखवलेलं होतं. बाळासोने त्यातून एकच शब्द उचलला, 'फुकट'. चाळणी त्याला पसंत नव्हती, आणि प्रमाण तर मुळीच नव्हतं. उकिरडा जसाच्या तसा रस्त्यात गेला आणि भूमिपूजनाच्या फलकावर बाळासोच्या नावाआधी 'पर्यावरणप्रेमी' लागलं.

त्या शुक्रवारी मार्गशीर्ष अमावस्या होती. शनिवारी बांधकाम खात्याचे साहेब रस्ता तपासायला येणार होते. सुट्टीच्या दिवशी एवढी कर्तव्यनिष्ठा, कारण दुपारचं मटण बाळासोच्या मळ्यात होतं. मशिनने रस्त्याला भोक पाडून नमुना काढायचा असतो. भोक कुठे पाडायचं हे साहेब नव्हे, बाळासो ठरवी. तेवढ्याच जागी खालपासून वरपर्यंत चांगलं काँक्रीट ओतलेलं असे. आदल्या रात्री तिथे चुन्याच्या फुल्या मारून ठेवायचं काम शिवतेजचं.

"वळणावर मारू नगंस," बाळासो म्हणाला. "वळण सोड."

का सोडायचं, हे शिवतेजला ठाऊक होतं. वळणावरचा माल काही दिवसांपूर्वी फाउंड्रीमागच्या ढिगातून रात्रीच उचलला होता, तेव्हा तो तिथेच होता. परवाना नव्हता, म्हणून लोडरचे दिवे बंद. ढीग एकदम घसरला. कुणीतरी ओरडल्यासारखं झालं.

"कुत्रं असंल. भर," बाळासो म्हणाला.

भरलं. पहाटेपर्यंत पसरून वर रोलरही फिरला.

दुसऱ्या दिवशी शाहनवाज आला. त्याची आई नूरजहां अंधार पडला की त्या ढिगावर जायची. जुन्या स्पीकरचं चुंबक दोरीला बांधून राखेतून ओढायची, चिकटलेलं लोखंड भंगारात घालायची. ती घरी परतली नव्हती. शाहनवाज मोबाईलमधला तिचा हिरव्या ओढणीतला फोटो सगळ्यांना दाखवत राहिला. पुढे पुढे त्याचं विचारणं बदललं.

"जित्ती न्हाई तर न्हाई, मालक. पन मातीला तरी मिळू द्या."

"आरं, गेली असंल मिरजेला भनीकडं," बाळासो म्हणाला. "तिला काय तुझं भ्या हाय का?"

शिवतेज हातातल्या टेपकडे बघत राहिला. रस्ता पास झाला की तो पुन्हा कुणी उकरणार नव्हतं.

तर त्या अमावस्येला, साडेअकराच्या सुमारास, त्याने माळावर गाडी लावली. थंडी मरणाची होती. पहिली फुली मारली. दुसरी मारली. तिसरीसाठी वाकला, तेव्हा मागून आवाज आला.

टक्.

काहीतरी घासत यायचं. थांबायचं. टक्.

"कोन हाय रं?"

त्याने बॅटरी मारली. रस्ता मोकळा. फक्त एक दोरी सरकत होती. पुढच्या टोकाला काळं चुंबक. मागचं टोक कमरेएवढ्या उंचीवर, हवेत... आणि तिथे कुणी नव्हतं.

चुंबक जवळ आलं. साइटवरचे बूट त्याच्या पायात, पुढे लोखंडी टोपी असलेले.

टक्. बुटाला चिकटलं.

दोरी ताणली. हळूच. वळणाकडे.

"मावशी..." तो म्हणाला. "मला म्हाईत न्हवतं."

दोरी सुटेना.

कुत्रं नाही. रातकिडा नाही. काहीच नाही.

"...व्हतं. म्हाईत व्हतं मला."

दोरी सैल पडली.

त्याने दोन्ही फुल्या बुटाने पुसल्या. एकच नवी मारली. वळणावर.

सकाळी साहेब आले. साहेबांना फुलीवर भोक पाडायची सवय होती, फुली कुणी मारली ते विचारायची नव्हती. "तितं न्हवं, साहेब, तितं न्हवं!" करत बाळासो धावला, तोवर मशिन वीतभर खाली गेलंही होतं. वरचा पापुद्रा फुटला, काळी वाळू वर आली. वाळूबरोबर हिरव्या ओढणीचा धागा पात्याला गुंडाळून आला.

मशिन बंद झालं. मटणाचं नाव कुणी काढलं नाही.

"मंग, काका?" पोरांतल्या एकानं विचारलं.

मग काय? शिवतेजने जबाब दिला, नोकरी घालवली. आता कोरेगावात दुधाचा टेम्पो चालवतो. बाळासो जामिनावर सुटला आणि हार घालून घरी आला. शाहनवाजने आईला दफन केलं. पण जनाज्याला खांदा देणारे सांगतात... फार हलका होता. सगळी नव्हती त्यात.

त्या ढिगातला उरलेला माल टाइल्सच्या कारखान्यात गेला होता. तिथल्या टाइल्स त्या मालाच्या बदल्यात फुकट, म्हणून बाळासोने स्वतःच्या अंगणात बसवून घेतल्या होत्या. जामिनावर आला त्याच्या दुसऱ्या दिवशी बायकोने, मनुबाईने, पहाटे सडा टाकला. सगळं अंगण ओलं. मधली एक जागा कोरडी. बादली ओतली, तरी कोरडी.

"तेलकट असंल," बाळासो म्हणाला. त्याने तेवढ्या टाइल्स उपटल्या. सांगलीतल्या दुकानातून नव्या कोऱ्या आणल्या, रोख पैसे देऊन, आयुष्यात पहिल्यांदा.

मनुबाईने पुन्हा सडा टाकला.

नव्या टाइल्सवरही तेवढीच जागा कोरडी. कबर खणतात तशी, दक्षिणोत्तर. कुशीवर निजलेल्या बाईएवढी.