डावीकडची मोकळी जागा

हे घडलेलं आहे. माझ्या थोरल्या बहिणीच्या स्टुडिओत, गेल्या हिवाळ्यातल्या एका रविवारी, दुपारी तीनच्या सुमारास. विश्वास ठेवाच, असा माझा आग्रह नाही.

ताई फोटो काढते. माणूस मध्ये घेऊन चारी बाजूंना मोकळी जागा सोडायची, ही तिची जुनी सवय. मग तोच फोटो हव्या त्या मापात कापता येतो.

त्या दिवशी समोर तिचीच सात वर्षांची लेक होती. पुढचे दोन्ही दात नुकतेच पडलेले. खिंडार दाखवत खुशाल हसत होती.

"पोरगी मुंगीएवढी दिसतेय," भाऊजी म्हणाले. "पडद्याचा फोटो काढतेस की काय?"

"तुम्ही गप्प बसा हो! शाळेला पासपोर्ट साइज लागेल, आजोबांना भिंतीवर मोठा. सगळं यातूनच निघेल."

ताईने फोटो कॉम्प्युटरवर उघडला.

डावीकडच्या मोकळ्या जागेत... एक बाई पाठमोरी उभी होती.

प्रतिबिंब म्हणावं, तर खोलीत काच नव्हती. मागे नुसता राखाडी पडदा.

ताईने डावी कड कापली. बाई गेली.

आणि... नव्या कडेला पुन्हा उभी. आता अर्धी वळलेली.

ताईने आणखी कापलं.

आता ती समोर बघत होती. थेट ताईकडे. इतका राग ताईने कुणाच्याच डोळ्यांत पाहिला नव्हता. त्या बाईचा हात लेकीच्या केसांपर्यंत आला होता.

ताईने घाईघाईने कापणं रद्द केलं. फोटो मूळ मापाचा झाला.

बाई मात्र मागे हटली नाही.

तिच्यात आणि लेकीत बोटभर जागा उरली होती.

"या फोटोला कुणी हात लावायचा नाही," ताई एवढंच म्हणाली. कारण सांगितलं असतं, तर भाऊजींनी आठवडाभर चेष्टा केली असती.

बुधवारी त्यांनी आठ पासपोर्ट फोटो तिच्यासमोर ठेवले.

"शाळेचा फॉर्म अडला होता. मीच कापला! शिकलो की नाही तुझं काम?"

फोटोत बाई नव्हती. कुठेच नव्हती.

लेक एकटीच हसत होती...

पुढचे दोन्ही दात जागच्या जागी.

त्याच शनिवारी भाची माझ्याकडे राहायला आली. त्या बुधवारपासून ती ओठ मिटूनच हसते. बोलताना तोंडावर तळहात धरते.

"आ कर बघू," एवढंच म्हणायचं होतं मला.

तिने माझ्याकडे पाहिलं...

ताईने सांगितला होता, तोच राग त्या डोळ्यांत होता.