बारा मिनिटं

मुलगी टेबलाखाली वाकून ओकत होती आणि तिच्या बापाने आचाऱ्याची गचांडी धरली होती.

"तीनदा सांगितलं होतं मी तुला. गव्हाचा कणसुद्धा चालत नाही तिला. सांगितलं होतं की नाही?"

 आचाऱ्याच्या हातात अजून वाढायचा डाव होता. उपाहारगृहातली शंभर-दीडशे माणसं खायची थांबली होती. बाहेर उंच पाळण्यातल्या पोरांच्या किंकाळ्या मात्र चालूच होत्या.

वीस मिनिटांत चाळणीबाई येऊन पोचल्या. मनोरंजन उद्यानात खाण्याच्या चौदा जागा होत्या आणि चौदाही स्वयंपाकघरांच्या तपासनीस त्याच होत्या. चाळणीबाई हे नाव आचाऱ्यांनी ठेवलेलं. त्यांच्या नजरेतून खडा सुटत नाही म्हणून.

मॅनेजरने त्यांना दारातच गाठलं.

"बाई, मुख्य कार्यालयाला चार वाजेपर्यंत नाव हवंय."

"कोणाचं?"

"ज्याचं चुकलं त्याचं. आचाऱ्याचं लिहून टाकतो. आणि तो बिनगव्हाचा कोपराही बंद करू. नसती ब्याद."

"अजून मी भांडं उघडलं नाही आणि तुम्ही फोडणी देऊन मोकळे," चाळणीबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

मुलगी नऊ वर्षांची. घरचे तिला बिट्टी म्हणत. तिला असा आजार होता, की गव्हातलं ग्लुटेन पोटात गेलं की शरीर स्वतःच्याच आतड्यावर उलटायचं. मैदा, रवा, पाव, बिस्किट, सगळंच वर्ज्य. आईवडील आणि आजीबरोबर ती दोन दिवसांच्या सुट्टीला आली होती.

स्वयंपाकघराच्या एका टोकाला काचेचा आडोसा होता, तोच बिनगव्हाचा कोपरा. आत जांभळ्या मुठीची भांडी, जांभळी पाटी, वेगळी शेगडी. आचारी तिथे उभा होता. शर्टाचं वरचं बटण तुटलेलं.

"काय दिलंत?"

"भात, वाफवलेल्या भाज्या, भाजलेली कोंबडी. मीठ-मिरी सोडून काही नाही."

"ताट कोणी नेलं?"

"मीच. असं ताट मी दुसऱ्याच्या हातात देत नाही."

"मुलगी तेव्हा कशी होती?"

त्याने जरा आठवलं. "गप्प. टेबलावर डोकं टेकून बसली होती. आई म्हणाली, ऊन लागलं असेल."

प्रत्येक खास ताटातला एक चमचा झाकणाच्या वाटीत घालून फ्रीजमध्ये ठेवायचा, असा नियम होता. आचाऱ्याने वाटी काढून दिली. चाळणीबाईंनी आपल्या पेटीतली तपासणीची पट्टी तिच्यात बुडवली. दोन रेघा उमटल्या तर ग्लुटेन आहे, एक उमटली तर नाही. एकच उमटली. टेबलावरचं अर्धवट ताट आणवून त्यातलंही तपासलं. पुन्हा एकच.

"हा कोपरा मीच मागून घेतलाय बाई," आचारी म्हणाला. "दोन वर्षं भांडत होतो त्यासाठी."

चाळणीबाईंनी ऑर्डरची चिठ्ठी काढून घेतली. ताट टेबलावर गेल्याची वेळ छापलेली होती: बारा अडतीस.

प्रथमोपचाराच्या खोलीत बिट्टी झोपली होती. परिचारिकेने वहीत लिहिलं होतं: पहिली उलटी बारा पन्नासला.

बाप बाहेरच्या खोलीत येरझारा घालत होता. चांगला उंचापुरा, आवाजाचा माणूस. पट्ट्यांचा निकाल त्याने ऐकून घेतला.

"उरलेलं स्वच्छ असेलही," तो म्हणाला. "जो घास वाईट होता तो तिच्या पोटात गेला. त्याची काय पट्टी लावणार तुम्ही?"

मुद्दा बिनतोड होता. चाळणीबाईंनी मान डोलावली.

"जेवणाआधी तिने काय खाल्लं होतं?"

"घरचा डबा. तांदळाची बिस्किटं. अकरा वाजता मीच दिली. तेव्हा ती माझ्याबरोबरच होती, दहापासून बारापर्यंत. आम्ही बापलेक पाळण्यांवर, बायको आणि आई तळ्याकाठी सावलीत."

"दुसरं काही?"

"काहीही नाही. मी काय वेडा आहे?"

आई खाटेशेजारी बसली होती. मांडीवर एक जाड वही. डोळे कोरडे होते, पण ती प्रत्येक शब्द बोलण्याआधी थांबत होती.

"यंदाची ही सहावी वेळ," ती म्हणाली.

"कशामुळे होतं?"

"कळलं असतं तर होऊ दिलं असतं का? घरातून पीठ हद्दपार केलं. भांडी बदलली. सासूबाईंना म्हटलं, तिला भरवू नका. तरी होतंच. मग मला वाटलं, माझंच लक्ष कमी पडतंय. नोकरी सोडली."

"काय करायचात?"

"पुलांचे आराखडे काढायचे. बारा वर्षं."

चाळणीबाईंनी वही मागितली. डॉक्टरांनीच ठेवायला सांगितलेली. तारीख, वार, काय खाल्लं, किती वेळाने त्रास. आजार कळला त्या वर्षीच्या नोंदींत शेवटचा रकाना भरलेला होता: पावणेदोन तास, दोन तास, पुन्हा पावणेदोन. यंदाच्या पाच नोंदींत तो कोरा. तिथे आईने नुसतं लिहिलं होतं: रविवार, पोहून आल्यावर. रविवार, सायकलवरून आल्यावर. शनिवार, वाचनालयातून आल्यावर. रविवार, पोहून आल्यावर. रविवार, सर्कशीहून आल्यावर.

चाळणीबाईंनी ते पान दोनदा वाचलं.

कोपऱ्यातल्या बाकावर आजी बसली होती. मांडीवरच्या पिशवीतून बिस्किटांचा एक फोडलेला पुडा डोकावत होता. गव्हाची, साधी. चाळणीबाईंची नजर तिथे गेली, आणि आईचीही. आईचा चेहरा ताठरला.

"हे काय, आई?"

"माझी आहेत गं. सकाळच्या गोळीबरोबर दोन खाल्ली. उपाशीपोटी घेता येत नाही ना."

"बिट्टीला दिलंत?"

म्हातारीने सुनेकडे पाहिलं नाही. तपासनीसबाईंकडे पाहून म्हणाली, "मला त्या आजारातलं काही कळत नाही. आमच्या वेळी ही नावंसुद्धा नव्हती. पण हात लावू नका म्हणाली, तेव्हापासून वर्षभरात नातीला एक घास भरवला नाही मी. पाण्याचा पेलासुद्धा विचारून देते."

"दहा ते बारा तुम्ही कुठे होतात?"

"हिच्या शेजारी. हिलाच विचारा."

"माझ्यासमोरच होत्या," आई म्हणाली. ते म्हणायला तिला कष्ट पडले.

"बिस्किटांचा डबा कुठे आहे?"

आजीने पिशवीत हात घातला. झाकण उघडलं. आत तांदळाची सहा बिस्किटं होती, एकावर एक.

"सकाळी किती भरली होती?"

"सहा," आजी म्हणाली. "माझ्यासमोर भरली हिने."

आईने डब्यात पाहिलं, मग दाराकडे. 

चाळणीबाई उठल्या. बिट्टीच्या मनगटावर उद्यानाचा कागदी पट्टा होता. प्रत्येक पाळण्यावर चढताना तो यंत्रापुढे धरावा लागतो आणि वेळ नोंदली जाते. त्यांनी पट्ट्याचा क्रमांक उतरवून घेतला आणि बाहेर पडल्या.

उंच पाळणा सर्वांत वरून सुटतो तिथे एक कॅमेरा बसवलेला होता. घाबरलेले चेहरे टिपायचे आणि खाली आल्यावर लोकांना विकायचे. फोटोवाल्याने क्रमांक घातला. दहा सत्तावन्नचा फोटो पडद्यावर आला.

बाप आणि मुलगी शेजारी शेजारी. दोघंही तोंड उघडून हसत होते. बिट्टीच्या ओठांभोवती आणि निळ्या फ्रॉकवर काहीतरी पांढरं भुरभुरलेलं होतं.

पाळण्याच्या रांगेपासून दहा पावलांवर एक हातगाडी उभी होती. गरम डोनट, वर पिठीसाखर. गाडीवालीला फोटो दाखवल्याबरोबर तिने ओळखलं.

"पावणेअकराच्या सुमारास आले होते. लक्षात राहिली ती पोर. सगळी पोरं मागतात आणि आईबाप नको म्हणतात. इथे उलटं."

"म्हणजे?"

"पोर म्हणत होती, मला चालत नाही. दोनदा म्हणाली. वडील म्हणाले, आज सुट्टी आहे, आजच्या दिवस चालतं. आईला सांगायचं नाही फक्त."

साडेतीनला चाळणीबाईंनी सगळ्यांना बाहेरच्या खोलीत बसवलं. बाप, आई, आजी, मॅनेजर. आचाऱ्यालाही बोलावलं. तो बसला नाही, भिंतीला टेकून उभा राहिला. आतलं दार त्यांनी लोटून घेतलं.

"ताट बारा अडतीसला टेबलावर आलं," त्या म्हणाल्या. "पहिली उलटी बारा पन्नासला. मध्ये बारा मिनिटं. ह्या मुलीला त्रास किती वेळाने होतो, ते तिच्या आईने लिहून ठेवलंय. पावणेदोन ते दोन तास. परिचारिकाही तेच म्हणते, ह्या आजारात बारा मिनिटांत असं होत नाही. शिवाय ताट येण्याआधीच मुलगी टेबलावर डोकं टेकून होती. म्हणजे जे पोटात गेलं ते अकराच्या आधी गेलं. तेव्हा आचारी तिथे नव्हता, आजी नव्हत्या, आईही नव्हती."

बापाने हाताची घडी घातली. "मी सांगितलं ना, तिने डब्यातली बिस्किटं खाल्ली."

"सहा भरली होती. सहाच आहेत."

त्याने हाताची घडी सोडली.

"गाडीवालीशी बोलून आले मी. फोटोही आणलाय. दाखवू, की तुम्हीच सांगता? मुलीला उठवून विचारायची माझी इच्छा नाही."

 आजीने पदर तोंडाला लावला.

"एक डोनट," बाप शेवटी म्हणाला. "अख्खाही नाही."

"आणि पोहण्याच्या दिवशी? सायकलच्या? वाचनालयाच्या, सर्कशीच्या?" चाळणीबाईंनी वही पुढे सरकवली. "पाचही दिवस शनिवार-रविवार आहेत. पाचही वेळा ती बाहेरून आल्यावर आजारी पडली. शनिवारी-रविवारी तिला बाहेर कोण नेतं?"

"मी नेतो," तो म्हणाला. आवाज अजून खाली आला नव्हता. "घरात सगळं मोजूनमापून. बोलणंसुद्धा त्याच्यावरच. तिलाही एक दिवस चार पोरांसारखं वाटू नये? आणि मला वाटलं, थोडं थोडं दिलं की अंगवळणी पडेल. डॉक्टर काय, घाबरवतातच."

"अंगवळणी पडलं का?"

त्याने वही परत सरकवली.

"पहिला घास मायेने दिला असेल तुम्ही," चाळणीबाई म्हणाल्या. "ते मी मानते. पण ती ओकायला लागली तेव्हा कारण फक्त तुम्हाला माहीत होतं. ते परिचारिकेला सांगितलं नाहीत. उठून ह्या माणसाची गचांडी धरलीत. ते कशाने केलंत?"

आई इतका वेळ वहीकडे बघत होती.

"मी नोकरी सोडली," ती म्हणाली.

"मी सोड म्हटलं नव्हतं."

"नको सोडू, असंही नाही म्हणालास. तुला माहीत होतं. मी मोऱ्या घासत बसायचे रात्रंदिवस, आणि तुला माहीत होतं. आईंना मी स्वयंपाकघराबाहेर काढलं. त्यांच्यावर संशय घेतला वर्षभर. आत्तासुद्धा घेतला." ती सासूकडे वळली. म्हातारीने तिचा हात धरला आणि धरूनच ठेवला.

मग आई आचाऱ्याला म्हणाली, "माफ करा."

"तुम्ही मला काही बोलला नव्हतात."

"तेच. बोलायला हवं होतं. तो ओरडत होता आणि मी नुसती बघत राहिले."

आचाऱ्याने मान हलवली आणि तो कामाला निघून गेला. मॅनेजरने त्याचं नाव लिहिलेला कागद घडी करून खिशात टाकला. "बरं झालं, सुटलो," तो चाळणीबाईंच्या कानाशी म्हणाला. "पण कोपरा बंदच केलेला बरा. आज बाप निघाला, उद्या खरंच आचारी निघायचा."

"तसं करा, आणि कारण लिहून माझ्याकडे पाठवा," चाळणीबाई म्हणाल्या. तो पाठवेल आणि वरून मंजूरही होऊन येईल, हे त्यांना ठाऊक होतं.

आत बिट्टी जागी झाली होती. सगळी खोलीत गेली. बाप उंबऱ्यातच थांबला.

"आई, त्या आचारीकाकांना रागावले का?"

"नाही."

"त्यांची चूक नव्हती."

"माहीत आहे मला."

बिट्टीने दाराकडे पाहिलं. बापाचा चेहरा तिने क्षणभर निरखला, एखादा धडा वाचावा तसा.

"माझीच होती," ती भराभर म्हणाली. "मीच मागितलं. बाबा नको म्हणत होते. मीच हट्ट केला."

कुठे अडखळली नाही. लपवायचा वर्षभराचा सराव होता.

आईने मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. आजीने लेकाकडे पाहिलं. चाळणीबाई पेटी बंद करायच्या थांबल्या. सगळ्या त्याच्या तोंडून एकच वाक्य निघायची वाट पाहत होत्या. नाही गं, तू नव्हतं मागितलंस.

त्याने घसा खाकरला.

"आता बरं वाटतंय ना, बाळा?" तो म्हणाला.

बिट्टीने हो म्हटलं.

आई उठली. खाटेखालचे बूट ओढून तिने मुलीच्या पायांत घातले आणि नाड्या बांधल्या.

"चला, आई," ती सासूला म्हणाली.

म्हातारी बाकाला धरून उठली. तिच्या हातातली जड पिशवी घ्यायला लेकाने हात पुढे केला. तिने पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि त्याच्या बाजूने, त्याला न शिवता, बाहेर पडली.