कोळशाला गुलाबाचा वास

“तुम्ही माझ्या घरात भांडण लावलंत!”

दार ढकलून आत आलेल्या माणसाचं हे पहिलं वाक्य. काखेत काळा कुत्रा, बोटांवर वाळलेली खळ, आणि चेहरा असा की हसावं का घाबरावं तेच कळेना. कुत्रा ओळखीचा होता. आदल्या दिवशी या माणसाच्या बहिणीने त्याला माझ्या पार्लरमध्ये आंघोळीला आणलं होतं. मीच त्याला गुलाबाच्या शाम्पूने दोनदा खसखसून धुतलं होतं आणि वर सुगंधी फवाराही मारला होता.

“भांडण? कोणाकोणाचं?”

“या कोळशाचं आणि आमच्या आत्याबाईंचं.”

मी मनात एक तापट म्हातारी उभी केली. मग कळलं, आत्याबाई म्हणजे त्याची चौदा वर्षांची पांढरी कुत्री. मोतीबिंदूने दोन्ही डोळे गेलेले, कानांनीही रजा घेतलेली. सगळा संसार नाकावर चाललेला. आणि त्या नाकाच्या लेखी घरी परतलेला कोळसा कोणी परकाच होता! ती गुरगुरली, अंगावर धावून गेली. तेव्हापासून बिचारा दाराबाहेर, जिन्यात बसून होता.

“साधा साबण वापरला असता तर...”

“आत्याबाईला मिशा असत्या तर...” माझ्या तोंडून निसटलं.

“आमच्या आत्याबाईंना आहेत,” तो गंभीरपणे म्हणाला. मग दोघांनाही हसू आवरेना.

पण ही हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती. चूक माझी होती. कुत्री एकमेकांना भेटली की आधी शेपटीखाली हुंगतात. आपण नाक मुरडतो. पण त्या एका हुंगण्यात त्यांना सगळं कळतं. समोरचा कोण, नर की मादी, काय खाऊन आलाय, घाबरलाय का... माणसांच्या नाकाला बरं वाटावं म्हणून मी दिवसभर हीच ओळख धुऊन टाकत होते. इतक्या वर्षांत हे मला कधी टोचलं नव्हतं. त्या दिवशी टोचलं.

“रोज संध्याकाळी दोघांना मागच्या मैदानात आणा,” मी म्हटलं. “गुलाब उतरेपर्यंत.”

तो आला. रोज येऊ लागला. दोन गल्ल्या सोडून त्याचं पुस्तकं बांधायचं दुकान होतं. ते लवकर बंद करून यायचा. मी कोळशाला विंचरायची, आत्याबाईंच्या अंथरुणाचा तुकडा त्याच्या अंगावर चोळायची, आणि मग त्याला लांब दोरीवर हळूहळू सोडायची.

“सरळ समोरून नेलं तर?” बाइंडरने एकदा विचारलं.

“छे! तो उद्धटपणा झाला. सभ्य कुत्रा वळसा घेऊन, बाजूने येतो. थांबतो. समोरच्याला आधी हुंगू देतो.”

“आणि सभ्य माणूस?”

“तो... दार ढकलून ओरडत नाही.”

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मी फणी पुसायला घेतली. फणी स्वच्छच होती.

पाचव्या दिवशी आत्याबाई गुरगुरल्या नाहीत, नुसतं तोंड फिरवून बसल्या. बाइंडर आनंदला. मीही आनंदले, आणि त्याच क्षणी मनात आलं, यांचं जमलं की हा कशाला येईल? त्यांचा समेट व्हावा असं मनापासून वाटत होतं, आणि संध्याकाळ संपू नये असंही. माझ्या दोन इच्छा एकमेकींच्या मुळावर उठल्या होत्या.

आठव्या दिवसापासून तो एकट्या कोळशालाच आणू लागला.

“आत्याबाईंचे गुडघे दुखतायत,” तो म्हणाला.

“आणि कोळसा? अजून जिन्यातच?”

“हो ना... काय करणार.”

अकराव्या दिवशी मी कोळशाला विंचरायला बसले. उजव्या कुशीवर, कानापासून मांडीपर्यंत, पांढरे केस दाबून बसले होते. एखाददुसरा नव्हे, चांगली मूठभर. रात्रभर कोणीतरी त्याला टेकून झोपलं होतं. जिन्यात नक्कीच नाही.

माझा हात थांबला. बोलले नसते तर उद्याची संध्याकाळ हातात होती, परवाचीही. गप्प बसणं किती सोपं होतं! पण जी माणसं अशी काठाकाठाने वागतात, त्यांचं आयुष्य काठावरच जातं, असं मला फार वाटतं.

“समेट झालाय यांचा,” मी केस त्याच्यापुढे धरले. “कधी?”

तो खाली बघत राहिला. “चार दिवस झाले.”

“मग खोटं का बोललात?”

“खरं सांगितलं असतं तर यायला कारण उरलं नसतं. दुकान लवकर बंद करतो, गिऱ्हाइकं शिव्या घालतात... पण दिवसभर मी या एका तासाचीच वाट बघत असतो.” त्याने मान वर केली. “आता चोरी पकडलीत. उद्यापासून काय सांगून येऊ?”

मला तो आवडत होता. खूप, आणि कधीचा.

“काही सांगू नका,” मी म्हटलं. “उद्या कुत्राही आणू नका. नुसते या.”