एकाच प्रवाशाचे नऊ फॉर्म

धुक्यातून बसचे दिवे दिसले, मी हात वर केला, आणि नेमका तेव्हाच मागून आवाज आला, "एक मिनिट द्याल? दहाच प्रश्न आहेत."

वळून पाहिलं. गळ्यात बसकंपनीचं ओळखपत्र, हातात फॉर्मांचा गठ्ठा आणि नाकावरून घसरणारा चष्मा.

"सकाळी सात वाजता? अजून माझी झोपही उडाली नाहीये."

"मग बसमध्ये विचारतो," तो म्हणाला आणि खुशाल माझ्या शेजारी येऊन बसला.

प्रकरण असं होतं. आमचं उपनगर शहरापासून दीड तास लांब. थेट बस ही एवढी एकच, आणि आम्हा रहिवाशांचा अर्ध्या दराचा पास फक्त तिच्यावरच चालायचा. आता कंपनीला ती परवडेनाशी झाली होती. साठ वेगवेगळ्या नेहमीच्या प्रवाशांनी फॉर्म भरले तर बस राहणार. नाहीतर आधी छोटी बस, मग रेल्वे, दोन तिकिटं आणि सवलतीच्या नावानं बोंब. दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये मी शिकाऊ होते, तिथल्या बाईंना पाच मिनिटांचा उशीरही खपत नसे. बस गेली की माझी नोकरीही जाणार होती.

"बस बंद झाली तर काय कराल? पर्याय तीन आहेत."

"माझा चौथा आहे. तुमच्या साहेबांच्या दारात ठिय्या देईन."

त्यानं ते गंभीरपणे लिहून घेतलं. मला हसू आवरेना.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तो शेजारी, पुन्हा तेच प्रश्न!

"अहो, काल सांगितलं की सगळं."

"मत बदलतं माणसाचं..." तो म्हणाला. कान मात्र लाल झाले होते.

खरं सांगू? मला आवडलं ते. मग मीही रोज नवी उत्तरं देऊ लागले. कवळीचं मेण कसं वितळवतात, बाबा पहाटे रेडिओ लावून घर कसं डोक्यावर घेतात, सगळं त्याला ठाऊक झालं. आणि मला? शून्य! हा राहतो कुठे, इतक्या सकाळी इथे उगवतो तरी कसा? विचारलं की म्हणायचा, "प्रश्न मी विचारायचे असतात."

नवव्या दिवशी करकचून ब्रेक लागला आणि गठ्ठा माझ्या पायाशी पसरला. गोळा करता करता मी थबकले. माझा फॉर्म. त्याखाली आणखी एक माझा... एकूण नऊ!

"हे काय? मला वाटलं, तुम्ही नुसतं लिहिल्यासारखं करता!"

"फॉर्म नसता तर तुमच्याशी बोलायचं कसं, तेच सुचत नव्हतं," तो पुटपुटला. मग त्याचा चेहरा खर्रकन उतरला. "जास्तीचे बाजूला काढणार होतो... राहूनच गेलं. आज साठ झाले म्हणून खूश होतो मी. म्हणजे बावन्नच आहेत!"

"आणि हे कुणाला सापडले असते तर?"

"अख्खा सर्व्हे बाद."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "तुमच्या गप्पांपायी आमची बस गेली असती!"

त्यानं सबब सांगितली नाही. भर बसमध्ये साहेबांना फोन लावला. "सर, चूक माझी आहे. एकाच प्रवाशाचे नऊ फॉर्म भरलेत मी." पलीकडची आरडाओरड मागच्या सीटपर्यंत ऐकू येत होती. शेवटी एका दिवसाची मुदत मिळाली. माझा निम्मा राग तिथेच विरघळला.

त्या संध्याकाळी आम्ही दोघं दारोदार फिरलो. बेकरीवाल्या काकू, दर बुधवारी दवाखान्यात जाणारे निवृत्त गुरुजी, शिवणक्लासच्या मुली... आठवा फॉर्म मावशीचा. तिनं त्याला आपादमस्तक न्याहाळलं.

"हा कोण गं?"

"बसकंपनीचा माणूस."

"मग एवढा लाजतोय का?"

बस वाचली, आणि सर्व्हेही संपला. सोमवारी माझ्या शेजारची जागा रिकामी. बस वेळेवर, पास पर्समध्ये, नोकरी शाबूत, तरी कशात म्हणून मन लागेना. मला त्याची आठवण येत होती, अगदी रडू येईल इतकी. दोन कवळ्या बिघडवून बाईंची बोलणीही खाल्ली.

गुरुवारी तो स्टॉपवर उभा होता. गळ्यात ओळखपत्र नाही, हातात गठ्ठा नाही. माझ्यामागून बसमध्ये चढला आणि त्यानं चक्क तिकीट काढलं.

"तुम्हाला तर फुकट असतं ना?"

"कामावर असताना. आज रजा टाकलीय."

"मग इकडे कुठे?"

"तुमच्यासाठी आलो. पाचला निघालो. छोटी बस, रेल्वे, मग पुन्हा बस. रोज तसाच यायचो."

काहीतरी बोलायचं म्हणून मी त्याच्या तिकिटाकडे बोट दाखवलं. "पूर्ण भाडं घेतलं की हो तुमच्याकडून!"

"घेणारच. सवलत इथल्या रहिवाशांना. मी कुठे इथला?"

मी सरकून त्याला जागा करून दिली.

"मग व्हा की इथले," मी म्हणाले.

बस सुटली तेव्हा माझा हात त्याच्या हातात होता.