एकतीस नंबरची नळी

खोटं वाटलं तर वाटू द्या. माझ्या सख्ख्या आतेबहिणीनं स्वतः सांगितलंय, आणि ताई तिखटमीठ लावून बोलणारी बाई नाही.

रविवार होता. दुपारचे तीन. हॉस्पिटलच्या तळमजल्यावरची प्रयोगशाळा. ताई एकटीच.

अपघातातल्या जखमींचं रक्त लवकर थांबावं म्हणून तिथे नव्या औषधाची चाचणी चालली होती. ताईचं काम एकच. रक्ताची नळी कोमट पाण्यात ठेवायची, दर अर्ध्या मिनिटाला तिरपी करून बघायची आणि रक्त गोठलं की वेळ लिहायची.

एकतीस नंबरचा पेशंट ट्रक ड्रायव्हर होता. औषध देऊनही त्याचं रक्त गोठलं नाही.

तो गेला.

चाचणीचे प्रमुख असलेले साहेब तेव्हा म्हणाले, "त्यानं स्वतःहून चाचणी सोडली, असं लिहा. एका माणसापायी सगळ्या मेहनतीवर पाणी फिरवायचंय का?"

ताईनं मुकाट्यानं लिहिलं. नोकरी जायची भीती, दुसरं काय! आता दुसऱ्या दिवशी, सोमवारी अहवाल जाणार होता.

आणि त्या रविवारी, ताई एकटी असताना, पाण्यात काहीतरी टकटक वाजलं...

एक नळी. वर नंबर, एकतीस.

ती तर ताईनंच अकरा दिवसांपूर्वी टाकून दिली होती!

तिनं नळी तिरपी केली... रक्त वाहिलं. पातळ, ताजं.

मग पंख्याचा आवाज थांबला. रस्त्यावरचाही.

आणि अगदी मानेमागून कुणीतरी चिडून म्हणालं, "मी कुठे सोडून गेलो?"

मागे कुणीच नव्हतं.

ताईनं साहेबांना फोन लावला. "साहेब, खरं लिहू या. मी ते खोडते."

"डोकं फिरलंय का? त्या कागदाला हात लावलात तर घरी बसाल."

ताईनं हात लावला नाही. अहवाल गेला.

बुधवारी दाढी करताना साहेबांना कापलं. एवढंसं. संध्याकाळपर्यंत टॉवेल बदलत होते. रक्त थांबवण्यात हयात घालवलेला माणूस!

त्यांच्या रक्ताची नळी ताईच्याच हातात आली. ती अर्धा तास तिरपी करत राहिली... आणि मानेमागे कुणीतरी तिच्याबरोबर मोजत होतं.

गुरुवारी साहेब गेले. डॉक्टरांना कारण सापडलं नाही.

ताईनं नोकरी सोडली. घरातल्या सुऱ्या, कात्र्या देऊन टाकल्या. मी तिची चेष्टा करायचे.

काल दुपारी तिचा फोन आला. बटण लावताना सुई टोचली, म्हणाली.

"किती वेळ झाला गं?" मी विचारलं.

 उत्तराऐवजी फोनवर कुणीतरी सावकाश आकडे मोजत होतं...

आवाज पुरुषाचा होता.

ताई एकटी राहते. मी अजून तिला परत फोन केलेला नाही.