अर्धी वाळलेली ढेमसं

काचेच्या बशीतली ढेमशाची काचरी दोन वर्षांपूर्वी वाळवलेली होती. इतकी कडक की बोटानं दाबली असती तर पापडासारखी मोडली असती. रेवती तायडेनं तिच्यावर ओलं फडकं घातलं, मग थेंब थेंब पाणी सोडलं, आणि चार तासांनी ती अशी टवटवीत झाली की जणू आत्ता वेलावरून तोडून चिरलीय. पण खरी गंमत पुढं होती. रेवतीनं श्वासमापक जवळ नेला आणि त्याचा काटा हलला. काचरी श्वास घेत होती.

परवानगी देणाऱ्या समितीवरचे डॉ. काझी खुर्ची पुढं ओढून बसले. "म्हणजे मेलेलं जिवंत केलंत?"

"मेलंच नव्हतं," इंगोले मॅडम म्हणाल्या. प्रयोगशाळा त्यांची. "थांबलं होतं. पेशीतलं पाणी जातं तशी त्या जागी काचसाखर भरते. जे जिथं आहे ते तिथंच राहतं, काचेत धरून ठेवल्यासारखं. पाणी परत आलं की काम जिथं थांबलं होतं तिथूनच पुढं चालू. मधली दोन वर्षं त्या काचरीला माहीतच नाहीत."

"साखर भरतं कोण?"

"सोबती जीवाणू. आम्ही तो वेलावर फवारतो. पाणी कमी पडायला लागलं की तो जागा होतो, आणि सगळ्यात आधी काय करतो सांगू? तहान बंद करतो."

"तहान? वेलाची?"

"तहानलेलं झाड धडपडतं, डॉक्टर. पानं गाळतं, फळं टाकतं आणि त्या धडपडीतच मरतं. हा जीवाणू त्याला कळूच देत नाही की पाणी संपत चाललंय. मग ते शांतपणे वाळतं."

"आणि हा माणसाच्या पोटात गेला तर?"

याचं उत्तर रेवतीनं दिलं, कारण तपासणीचा तक्ता तिनंच बनवला होता. ताज्या भाजीत जीवाणू अगदी थोडे आणि झोपलेले, पोटातलं आम्ल त्यांना सहज मारतं. पूर्ण वाळलेल्या भाजीतही झोपलेलेच, आणि ती भिजवून शिजवली की संपले. दोन रकाने, दोन्ही स्वच्छ. काझींनी सही केली.

मग अकोल्यातल्या चाळीस घरांना रोपं दिली. त्यातलं एक घर रेवतीच्या आईचं. प्रमिलाबाईंची गच्ची म्हणजे अर्धं शेतच होतं. जुन्या टाक्यांत ढेमसं, कुंड्यांत गवार, कठड्यावर कारली, आणि पलीकडे विमलकाकूंची गच्ची, मध्ये फक्त गुडघाभर भिंत. उन्हाळा आताशा एकोणपन्नास अंशांवर गेलेला, अकराचा भोंगा झाला की संध्याकाळी पाचपर्यंत रस्ते बंद. पण या दोघी दुपारबंदी पाळतील तर शपथ. भिंतीला टेकून, ताडपत्रीच्या सावलीत, समोर साडीवर पसरलेल्या काचऱ्या राखत बसायच्या.

रेवती शहराबाहेर प्रयोगशाळेच्या वसतिगृहात राहायची. रविवारी घरी गेली तर आईला बघून चरकलीच.

"आई, किती वाळलीस तू."

"वाळवणासोबत वाळली," विमलकाकू म्हणाल्या. "अन् मले पाह्य न. लग्नातलं पोलकं बसते आता."

"तुह्यं लग्नातलं पोलकं उंदरानं खाल्लं व, विमल. पोरीले काहीबाही नको सांगू."

दोघी हसल्या. दोघींची कातडी अशी चकचकीत दिसत होती, पाकात बुडवून काढल्यासारखी, आणि एवढ्या उन्हात कपाळावर घामाचा टिपूस नव्हता. बाजूला माठ काठोकाठ भरलेला. रेवतीला वाटलं, आत्ताच भरला असेल.

बोलता बोलता आईचा हात साडीवर जायचा, एक काचरी उचलायची, तिखटमिठात टेकवायची, तोंडात. मग काकूंचा हात. अर्धी वाळलेली काचरी, बाहेरून चिवट आणि आतून रसरशीत, बोरासारखी लागते. राखणीला बसलेलं कोण ती खात नाही? रेवतीची दाढ दुखत होती, नाहीतर तिनंही मूठभर घेतल्या असत्या.

निघताना तिनं फोनवर आठवड्याची नोंद भरली. "आई, प्रयोगातली भाजी कच्ची खाल्ली का?"

"नाई बापा. कच्ची कोन खाते ढेमसं?"

"शिजवून?"

"दोनदा."

रेवतीनं दोन्ही रकाने भरले आणि गेली.

बुधवारी विमलकाकूंच्या यजमानांचा, गुलाबकाकांचा फोन आला. पाचचा भोंगा झाला तरी दोघी खाली आल्या नाहीत म्हणून ते वर गेले, तर दोघी भिंतीला टेकून तशाच बसलेल्या, डोळे उघडे. डॉक्टर आले. नाडी नाही, श्वास नाही. उष्माघात म्हणाले, आज शहरातला तेरावा आणि चौदावा, आणि कागदावर लिहून पुढच्या घरी गेले.

एवढ्या उन्हात कोण थांबणार? काकूंना दिवस मावळायच्या आत नेलं. प्रमिलाबाईंचा मुलगा प्रफुल्ल गुवाहाटीला, तो निघाला होता, म्हणून त्यांना ठेवलं. शीतपेटी गावात एकही शिल्लक नव्हती. मधल्या खोलीत चटईवर ठेवून नुसता कूलर लावला.

गुरुवारी सकाळ झाली तरी खोलीत कसलाच वास नव्हता. शेजारच्या बायका म्हणाल्या, पुण्यवान होती माय. रेवती आईजवळ बसली होती. तिनं आईचा हात हातात घेतला आणि तो कोपरात अलगद वाकला. ताठरलेलाच नव्हता. आणि हलका किती, वाळक्या फांदीसारखा. खिडकीतून ऊन येत होतं. आईची बोटं उन्हात आली आणि त्यांच्यातून उजेड आरपार गेला, मधासारखा.

असा उजेड रेवतीनं रोज बघितलेला होता. बशीतल्या काचरीतून.

तिनं मॅडमना फोन लावला. "मॅडम, अर्ध्या वाळलेल्या भाजीत जीवाणू कसा असतो?"

"तेव्हाच तर तो पूर्ण जागा असतो. कोट्यवधी, आणि साखरेत गुंडाळलेला. का गं?"

"म्हणजे पोटातलं आम्ल..."

"काही करू शकणार नाही. पण अर्धी वाळलेली भाजी खातं कोण?"

"वाळवण राखणारे, मॅडम."

"आम्हीसुद्धा खायचो," मॅडम हळूच म्हणाल्या. "माझी आजी राखणीला बसवायची आम्हाला. त्याला खाणं म्हणतच नाही कुणी." मग एकदम त्यांचा आवाज बदलला. "रेवती, आईला सलाईन लावू देऊ नकोस. पाणी पाजू नकोस. आधी ओलं फडकं. घाई केली तर पेशी तडकतील. मी श्वासमापक घेऊन निघाले, आणि उरलेल्या घरांना वाटेतून फोन करते."

रेवतीनं सगळ्यांना बाहेर काढलं. साड्या ओल्या करून आईला गुंडाळलं, सुकल्या की पुन्हा ओल्या केल्या. मॅडम आल्या, त्यांनी समोरची बाजू घेतली. दुपार झाली. आईची बोटं धूसर झाली, मग गव्हाळ. ओठांवर थेंब सोडले, ते आत मुरले.

गुलाबकाका कधी येऊन उंबऱ्यात उभे राहिले ते दोघींना कळलंच नाही. ते सकाळी विमलकाकूंची राख सावडून आले होते, धोतराच्या किनारीला अजून राख होती.

"काय करून राहिली व बाई? माणूस गेलं की त्याले पाणी पाजत नाहीत असं."

रेवतीचं लक्ष श्वासमापकावर होतं, आणि त्याचा काटा आत्ता केसभर हलला होता. परत हलला. मग थांबून थांबून हलतच राहिला.

"हा काटा काय दाखवते?" काकांनी विचारलं.

मॅडमनी रेवतीकडं बघितलं. रेवतीला खोटं बोलायचं होतं.

"श्वास, काका. त्या अर्ध्या वाळलेल्या काचऱ्यांनी आई नुसती थांबली होती."

काका त्या काट्याकडं बघत राहिले.

"दोघींनी एकाच साडीवरचं खाल्लं न," ते म्हणाले. त्यांनी विचारलं नव्हतं. नुसतं म्हटलं.

काका आपल्या हातांकडं बघत होते, उजव्याकडं, ज्यानं काल त्यांनी अग्नी दिला होता.

आईची पापणी लवली. छाती वर आली. ओठ हलले, आणि आवाज आला तो घोगरा नव्हता, दमलेला नव्हता, गच्चीवर गप्पा मारत बसलेल्या बाईचा होता, वाक्याच्या मधूनच सुरू झालेला.

"...म्हून म्हंते तू पयले जाय खाली, विमल. भाऊजी चहाची वाट पाह्यत असतीन. मी येते मागून."

आणि तिनं मान उजवीकडं वळवली, उत्तरासाठी.